सुनेचा जबाब

“आत्याबाई ना? त्या गेल्यात ओहोळ टेलरकडं. दर बुधवारी जातात की. तुम्हाला ठाऊक नाही?”

शेजारच्या मंदाताई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. डोकं दुखत होतं म्हणून मी शाळेतून दोन तास आधी घरी आले होते, आणि दाराला बाहेरून कडी होती. गुडघ्यांमुळं सासूबाई अंगणाच्या पलीकडं फारशा जात नाहीत, अशी माझी समजूत होती. बुधवारी दुपारी मी शाळेत, माझे मिस्टर रंगनाथ खरेदी-विक्री संघाच्या ऑफिसात, मुलगा नगरला शिकायला. घरी बघायला होतं कोण?

“त्यांची प्रार्थना असते बुधवारी,” मंदाताई म्हणाल्या आणि शेंगांकडं बघत राहिल्या. पुढचं त्यांना बोलायचं नव्हतं, पण मला कळावं असं मात्र वाटत होतं.

या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली. सोनगव्हाण तेव्हा सात-आठ हजार वस्तीचं बाजाराचं गाव होतं. शलमोन ओहोळ हा गावातला जुना टेलर. आमच्या शाळेचे गणवेश तोच शिवायचा. वेशीजवळ त्याचं दुकान, दुकानामागं दोन खोल्या. ही ख्रिस्ती माणसं, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याचं कुणाला काही नव्हतं. त्यांचं चर्च तालुक्याला. ज्यांना एवढं लांब जाणं जमत नाही अशी पाच-सहा घरं बुधवारी दुपारी ओहोळच्या मागच्या खोलीत जमत. त्याची बायको एस्तेरबाई ते चालवायची.

मी गेले तेव्हा गाणं चाललं होतं. ढोलकी आणि टाळ, आपल्या भजनासारखंच. दारात चपला होत्या, त्यांत आत्याबाईंची एक टाचेकडं झिजलेली जोडी. मी आत वाकून पाहिलं. सगळ्या बाया सतरंजीवर आणि आत्याबाई भिंतीला टेकून लाकडी स्टुलावर. गुडघ्यांसाठी तो स्टूल खास मांडलेला असावा. त्यांनी डोक्यावरून पदर घेतला होता आणि डोळे मिटले होते. घरी देव्हाऱ्यापुढं बसतात तशाच दिसत होत्या. मला उगीचच राग आला.

गाणं संपलं आणि सगळ्या खाली मान घालून हळू आवाजात काहीतरी बोलू लागल्या. आत्याबाईंचे ओठ हलत होते. एस्तेरबाई त्यांच्याजवळ वाकून ऐकत होती. मग तिनं मला पाहिलं आणि उठून दाराशी आली. चाळिशीची, काळीसावळी, बोटांना सुया टोचून टोचून घट्टे पडलेली बाई.

“या ना बाई, बसा.”

“नको. त्यांना न्यायला आले.”

“चहा घेऊन जा. तुमचं काही मागणं असलं तर सांगा, आम्ही सगळ्या मिळून प्रार्थना करतो.”

“माझं काही नाही,” मी म्हटलं.

“बरं,” ती म्हणाली. तिनं मला कशाचाही आग्रह केला नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढं माझ्याकडून जे घडलं ते माहीत नसताना घडलं असं म्हणायची मला सोय नाही.

घरी येताना आत्याबाई माझ्या हाताचा आधार घेऊन चालत होत्या.

“काय मिळतं तिथं तुम्हाला?” मी विचारलं.

“मिळायला काय बाजार हाय का तो? बसते.”

“आणि आपले देव? ते रागावले तर?”

“ते कुठं रागावत्यात? माणसं रागावत्यात.” थोडं चालून झाल्यावर म्हणाल्या, “रंगाला सांगू नको.”

मी हो म्हटलं, आणि संध्याकाळी जेवताना सांगितलं. भांडण लावायचं म्हणून नव्हे. तक्रारीच्या सुरात, नेहमी सांगतो तसं. तुमच्या आईचं हे नवीनच. रंगनाथांचा हात ताटावर थांबला. मला वाटलं आता आरडाओरडा होणार. मंदिराच्या जीर्णोद्धार समितीचे ते सचिव होते, गावात त्यांना मान होता. पण ते ओरडले नाहीत. हळू आवाजात त्यांनी एकच विचारलं, “तिथं बोलते काय ती?”

“मला काय माहीत? प्रार्थना करतात. ओठ हलत होते.”

“कुणाकुणाची नावं घेतात म्हणे तिथं.”

“घेत असतील.”

त्यांनी ताटात पाणी ओतलं आणि उठले. भात तसाच राहिला होता.

त्यानंतर पंधरा-वीस दिवस काही झालं नाही. आत्याबाई बुधवारी जात राहिल्या. मी तो विषय काढला नाही, त्यांनीही नाही. मग एका शुक्रवारी संध्याकाळी तरुण मंडळाचा अध्यक्ष प्रवीण घरी आला. खिशातून त्यानं घडी केलेला टाईप केलेला कागद काढला. ओहोळ पती-पत्नी आजार बरे करण्याचं आमिष दाखवून भोळ्याभाबड्या वृद्धांना धर्म बदलायला लावतात, असं त्यात होतं. अर्जदार म्हणून रंगनाथांचं नाव. मला वाटलं, पोरांनी यांना भरीला घातलं. सचिव म्हटल्यावर नाही म्हणता येईना. मी तसं समजले आणि मनातून त्यांची कीवही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकीत बोलावणं होतं. आत्याबाई न्हाणीत असताना रंगनाथ स्वयंपाकघरात आले.

“तुला काही विचारलं तर एवढंच सांग, आईला हल्ली नीट कळत नाही. वय झालंय.”

“पण ते खरं नाही. परवा तुमची विमा पॉलिसी कुठं ठेवली ते त्यांनीच सांगितलं.”

“खरंखोटं कोण तपासतंय? ओहोळला समज देऊन सोडतील. आईला पुन्हा पुन्हा बोलावणार नाहीत. तिचाच त्रास वाचेल.”

“मी असं काही सांगणार नाही.”

“बरं, नको सांगू,” ते म्हणाले. त्यांनी आग्रह केला नाही. हेही मी मुद्दाम सांगते आहे.

आत्याबाईंनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं. कुठं जायचंय ते त्यांना सांगितलं होतं. त्यांनी कपाळाला कुंकू लावलं, देव्हाऱ्यात दिवा लावला, खंडोबाच्या टाकाला हात जोडले आणि म्हणाल्या, “चला.”

चौकी म्हणजे दोन खोल्या आणि पुढं पत्र्याचा व्हरांडा. व्हरांड्यात बाकावर शलमोन ओहोळ आणि एस्तेरबाई बसले होते. शलमोनच्या गळ्यात मोजायची टेप तशीच लोंबत होती. दुकानातून उठवून आणला असणार. आत्याबाई त्यांच्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, “माझ्यापायी तुम्हाला ताप झाला गं एस्तेर.” एस्तेरबाई म्हणाली, “तुमच्यामुळं नाही आजी.”

फौजदार घुगे तालुक्याहून आले होते. थकलेला, पन्नाशीचा माणूस. त्यांनी आत्याबाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि स्वतःच विचारायला सुरुवात केली. हवालदार लिहीत होता.

“आजी, त्यांच्याकडं कशाला जाता तुम्ही?”

“बसायला.”

“बसायला गावात देऊळ आहे की.”

“देवळात बी जाते. पण तिथं बोलता येत न्हाई. सगळी वळखीची माणसं.”

“साडी दिली, धान्य दिलं, असं काही?”

“चहा देती एस्तेर. कोरा. मला आवडत न्हाई, पण पिते.”

हवालदार गालातल्या गालात हसला.

“गुडघे बरे करतो म्हणाले?”

“मीच म्हणलं, गुडघ्यासाठी सांगा तुमच्या देवाला. सांगितलं त्यांनी. न्हाई झाले बरे.”

“धर्म बदला म्हणाले का?”

“न्हाई. माझा खंडोबा घरी हाय. सकाळी दिवा लावूनच आले.”

“मग तुम्हाला बोलावलं कुणी?”

“कुणी न्हाई. पोलकं शिवायला टाकायला गेले व्हते. मागं बाया गात व्हत्या. मी बसले. आन् साहेब, तिथं मी बोलते ते ऐकून घेत्यात.”

घुग्यांनी पुढ्यातला अर्ज उचलला, वाचला, खाली ठेवला. “रंगनाथराव, तुम्ही लिहिलंय आमिष. या तर आपल्या पायानं गेले म्हणतात. कुणी कुठं हात जोडावेत ते मी ठरवत नाही. तुम्हालाही ठरवता येणार नाही.”

प्रवीण म्हणाला, “साहेब, म्हातारं माणूस आहे. पढवून ठेवलंय त्यांना.”

“मला तसं दिसत नाही.”

रंगनाथ टेबलाजवळ सरकले. आता ते म्हणाले, “साहेब, माझी मिसेस जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आईचं सगळं तीच बघते. तिला विचारा.”

घुगे माझ्याकडं वळले. त्यांचा आवाज बदलला. “बाई, तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल ते मी धरून चालतो.”

त्या दोन-चार क्षणांत माझ्या मनात काय चाललं होतं ते मी पुष्कळदा तपासून पाहिलंय. रंगनाथांची भीती होती असं म्हणता येणार नाही, ते हात उगारणारे किंवा वाईट बोलणारे नव्हते. प्रवीण शाळा समितीवर होता, त्याचा विचार आला. पण खरं कारण त्याहून हलकं होतं. ‘मी बोलते ते ऐकून घेत्यात’ हे वाक्य मला लागलं होतं. परक्या माणसांसमोर, पोलिसांसमोर त्या म्हणाल्या होत्या की घरी त्यांचं कुणी ऐकत नाही. सतरा वर्षं मी त्यांचं पथ्यपाणी केलं, पाय चेपले, आणि त्यांना मन मोकळं करायला टेलरची बायको लागली.

“त्यांना हल्ली नीट कळत नाही साहेब,” मी म्हटलं. “विसरतात. काहीच्या काही बोलतात. दोन वर्षं झाली.”

दोन वर्षं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ते मी माझ्या मनानं घातलं.

हवालदाराचं पेन थांबलं. घुगे माझ्याकडं बघत राहिले आणि मग त्यांनी आत्याबाईंकडं पाहिलं. त्या माझ्याकडं बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं. एखादी खूण पटवावी तशा त्या माझा चेहरा नीट निरखून बघत होत्या. मग फौजदारांकडं वळून म्हणाल्या, “लिवा साहेब. सून शिकलेली हाय. ती म्हणती तर तसं आसंल.”

आणि त्यांनी हात मांडीवर ठेवले. त्यानंतर घुग्यांनी दोन प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं त्यांनी दिली नाहीत.

माझा जबाब लिहून झाला. मी तो वाचला. हवालदाराच्या शुद्धलेखनातली एक चूक मला दिसली आणि सवयीनं मी ती दाखवलीसुद्धा. मग सही केली. ओहोळकडून लिहून घेतलं की गावातली शांतता राहावी म्हणून यापुढं घरात सभा भरवणार नाही. त्यानं गळ्यातली टेप काढून खिशात ठेवली आणि सही केली. चौकीची खिडकी व्हरांड्यात उघडत होती, त्यामुळं बाहेर सगळं ऐकू गेलं असणार. आत्याबाई निघाल्या तेव्हा मी हात पुढं केला, पण त्यांनी दाराची चौकट धरली. एस्तेरबाई पुढं झाली. “आजी, पायरी आहे,” एवढंच ती म्हणाली.

सोमवारी शाळेत परिपाठ होता. मुलं रांगेत उभी राहून रोजच्यासारखी संविधानाची उद्देशिका म्हणत होती. विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य. रोज मी मुलांच्या आधी म्हणायचे आणि मुलं माझ्यामागून. त्या दिवशी तिसरीतली एक मुलगी मला म्हणाली, “बाई, तुम्ही एक ओळ गाळली.”

ओहोळचं गिऱ्हाईक तुटलं. कुणी काही बोललं नाही, फक्त लोक दुसरीकडं कपडे टाकू लागले. पुढच्या वर्षीचे गणवेश तालुक्याच्या दुकानातून आणायचं शाळा समितीनं ठरवलं. मी त्या बैठकीत होते. दिवाळीआधी दुकानाला कुलूप लागलं. ती माणसं जालन्याकडं, एस्तेरबाईच्या माहेरी गेली असं कळलं.

आत्याबाईंनी मला कधी काही विचारलं नाही, कधी टोमणा मारला नाही. जेवण वाढलं की जेवत, औषध दिलं की घेत. पण त्यांनी देव्हाऱ्यात दिवा लावणं सोडलं. चार दिवस मी वाट पाहिली, मग म्हटलं, “आत्याबाई, दिवा?”

“तू लाव. माझ्या हातून तेल सांडंल.”

त्यांच्या हातून आजवर कधी तेल सांडलं नव्हतं.

गावात मात्र माझा जबाब चौकीबाहेर पडून घरोघर गेला होता. भाजीवाली त्यांनी मागितलेली मेथी द्यायच्या आधी माझ्याकडं बघायची. किराणावाला पोराकरवी विचारून पाठवायचा, आजी साखर मागतात, देऊ का? नगरहून सुट्टीला आलेला माझा मुलगा त्यांच्याशी मोठ्या आवाजात, लहान मुलाशी बोलावं तसं बोलू लागला. मी त्याला दटावलं तर म्हणाला, “पप्पांनीच सांगितलं, आजीला आता कळत नाही.”

चैत्रात मंदाताईंची मुलगी बाळ घेऊन माहेरी आली. बाळ दीड महिन्याचं होतं. आम्ही दोघी बघायला गेलो. आत्याबाईंनी आजवर त्या आळीतली सगळी बाळं न्हाऊ घातली होती. त्या खाटेवर टेकल्या, त्यांनी मांडीवर पदर पसरला आणि हात पुढं केले. मंदाताईंच्या मुलीनं आईकडं पाहिलं. मंदाताई म्हणाल्या, “राहू दे आत्याबाई. झोपलाय तो.” आणि मग माझ्याकडं वळून, आवाज खाली आणून म्हणाल्या, “राग मानू नका हं बाई. त्यांच्या हातून पडलं-बिडलं तर.”

बाळ टक्क जागं होतं. आत्याबाईंनी पसरलेला पदर गोळा करून कमरेला खोचला.

त्या शनिवारी घरी प्रशिक्षण आहे असं सांगून मी जालन्याची पहाटेची एसटी धरली.

एस्तेरबाईचा पत्ता काढायला दोन तास गेले. एका शाळेसमोर शलमोनचं छोटं दुकान होतं. तो मला पाहून उठून उभा राहिला आणि आत गेला. एस्तेरबाई बाहेर आली. तिनं मला आत बोलावलं, पाणी दिलं. घरात मशीनचा आवाज चालू झाला.

“मी माफी मागायला आले,” मी म्हटलं. बसमध्ये मी बरंच काही जुळवून ठेवलं होतं, त्यातलं एवढंच आलं.

“आमची? की आजींची?”

“दोघांची.”

“आमचं काय, आम्ही दुकान हलवलं. आम्हाला सवय आहे.” तिनं थोडा वेळ हातातला दोरा गुंडाळला. “आजी कशा आहेत?”

मी सांगितलं. दिवा, साखर, बाळ. ती ऐकत होती. ऐकण्याची तिची पद्धत मला त्या दिवशी कळली. ती मध्ये बोलायची नाही आणि मान हलवायची नाही.

“त्या आमच्याकडं कशाला यायच्या, तुम्हाला ठाऊक आहे?”

“बरं वाटायचं म्हणून.”

“शकुंतलेसाठी यायच्या.”

मला क्षणभर लक्षात येईना. मग आठवलं. रंगनाथांना एक बहीण होती, आमच्या लग्नाआधी सहा-सात महिने तापानं गेली, एवढंच मला सासरी सांगितलं होतं. घरात तिचा फोटो नव्हता. तिचं नाव मी फार तर दोनदा ऐकलं असेल, तेही लांबच्या नातेवाइकांकडून.

“ती तापानं गेली ना?” मी विचारलं.

“विहिरीत गेली.” एस्तेरबाईनं दोरा खाली ठेवला. “सासरी छळ होता. दोनदा पळून माहेरी आली होती. तिसऱ्यांदा चालत आली, पायात चप्पल नव्हती. आजी म्हणाल्या, राहू दे हिला. पण घरात रंगनाथभाऊंचं लग्न ठरत होतं. मुलीकडची माणसं घर बघायला येणार होती. बहीण नांदत नाही, माहेरी बसलीय, हे त्यांच्या डोळ्यावर यायला नको म्हणून भाऊंनी तिला स्वतः एसटीत बसवून दिलं. आठव्या दिवशी सांगावा आला.”

घर बघायला येणारी माणसं म्हणजे माझे वडील आणि मामा. ते परत आल्यावर म्हणाले होते, माणसं चांगली आहेत, घर भरलेलं आहे.

“घरात पुन्हा तिचं नाव काढायचं नाही असं ठरलं होतं,” एस्तेरबाई म्हणाली. “आमच्याकडं बुधवारी ज्याचं त्याचं मागणं असतं. कुणाचा मुलगा आजारी, कुणाचा नवरा पितो. आजी पहिल्या दिवशी म्हणाल्या, गेलेल्या माणसाचं नाव चालतं का? मी म्हटलं, तुम्ही घ्या. त्यांनी घेतलं आणि रडल्या. अठरा वर्षांत मोठ्यानं पहिल्यांदा घेतलं म्हणाल्या. मग दर बुधवारी तेवढंच. शकुंतला. दुसरं कधी काही मागितलं नाही. गुडघ्यांचं एकदाच.”

मशीनचा आवाज थांबला होता. शलमोन पलीकडून ऐकत असावा.

“भाऊ एकदा आले होते,” एस्तेरबाई म्हणाली. “अर्ज द्यायच्या आठ दिवस आधी. एकटेच. म्हणाले, आईला येऊ द्या, माझी हरकत नाही, पण ते नाव घेणं बंद करा. गावात दुसऱ्यांच्या कानावर जातं. मी म्हटलं, भाऊ, ते आजींनी ठरवायचं. मी त्यांना नाही म्हणणार नाही.”

म्हणजे पोरांनी भरीला घातलं नव्हतं. तेच पोरांकडं गेले होते. आणि मला त्यांची कीव आली होती.

“तुम्ही चौकीत हे का नाही सांगितलं?” मी विचारलं. “सांगितलं असतंत तर तुम्ही सुटला असतात.”

“ते सांगायचं की नाही ते आजींच्या हातात होतं. त्या तिथंच बसल्या होत्या, त्यांनी नाही सांगितलं. मुलाला वाचवलं त्यांनी.” ती उठली, कोपऱ्यातला स्टोव्ह पेटवू लागली. पाठमोरी म्हणाली, “तुमच्याबद्दल कधी वाईट बोलल्या नाहीत. म्हणायच्या, सून चांगली हाय, मायेची हाय. पण तिनं कधी विचारलं न्हाई.”

चहा कोरा होता. मी तो संपवला.

घरी पोचले तेव्हा सांज झाली होती. रंगनाथ देवळाच्या बैठकीला गेले होते. आत्याबाई स्वयंपाकघरात खिडकीखाली ताटात तांदूळ घेऊन निवडत बसल्या होत्या. मी हातपायसुद्धा धुतले नाहीत. त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

“आत्याबाई, मी एस्तेरबाईकडं गेले होते.”

त्यांची बोटं थांबली नाहीत.

“मला ठाऊक नव्हतं. खरंच ठाऊक नव्हतं. मी चौकीत खोटं बोलले. सोमवारी जाऊन लिहून देते की मी खोटं बोलले. तुम्ही मला शकूताईंबद्दल सांगा. कशा दिसायच्या, काय करायच्या, सगळं. मी ऐकते. तुम्ही सांगाल तेवढं ऐकते.”

त्यांनी एक खडा उचलला, उजेडात धरून पाहिला आणि बाजूला टाकला.

“कोण शकू?” त्या म्हणाल्या.

“तुमची मुलगी.”

“मला कुठली मुलगी, वनिता? माझं डोकं ठिकाणावर न्हाई. काय आठवत न्हाई मला.”

त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता. हवापाण्याचं बोलावं तसं त्या बोलल्या. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही, दुसऱ्या हातानं तांदूळ निवडत राहिल्या.

सोमवारी मी चौकीत गेले. घुग्यांची बदली झाली होती. नवीन साहेबांनी माझा अर्ज वाचला, म्हणाले, “बाई, हे प्रकरण केव्हाच मिटलं. आता हे कशाला उकरता?” मी पोच मागितली. त्यांनी शिक्का मारून दिला. तो कागद मी घरी आणून आत्याबाईंना वाचून दाखवला. त्यांनी ऐकला आणि म्हणाल्या, “अक्षर चांगलं हाय तुझं.”

रंगनाथांनाही मी त्याच आठवड्यात विचारलं. त्यांनी नाकारलं नाही. ते पलंगाच्या कडेला बसले आणि म्हणाले, “मी तिला तिकीट काढून दिलं. खिडकीपाशी बसवलं.”  त्यानंतर आम्ही दोघं पुष्कळ वर्षं एका घरात राहिलो, अजून राहतो, पण आत्याबाईंपुढं जाऊन त्यांनी ते नाव कधी घेतलं नाही. मी त्यांना भाग पाडलं नाही. मला कुणाला काही भाग पाडायचा अधिकार उरला होता असं वाटत नाही.

आत्याबाई आणखी तीन वर्षं जगल्या. मी अधूनमधून विचारत राहिले. कधी केस विंचरताना, कधी पायाला तेल लावताना. दर वेळी तेच उत्तर, त्याच शांतपणानं. बुधवारी दुपारी रजा काढून त्यांना रिक्षानं तालुक्याच्या चर्चला घेऊन जाते म्हटलं, तर म्हणाल्या, “खुळ्या माणसाला कशाला नेतीस? लोक तुला हसतील.”

शेवटच्या दोन महिन्यांत त्या मला कधी ओळखत, कधी ओळखत नसत. रंगनाथांना एकदा त्यांनी आपला भाऊ समजून हाक मारली. ते खरं होतं की नाही, मला आजही सांगता येत नाही. नगरच्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर तरुण होते, भल्या स्वभावाचे होते. त्यांनी आत्याबाईंना नाव, गाव, आजचा वार विचारला. त्या छताकडं बघत पडून राहिल्या. मग डॉक्टरांनी मला विचारलं, “हा विसरण्याचा त्रास यांना कधीपासून आहे?”

रंगनाथ शेजारी उभे होते.

“मी पोलीस चौकीत जबाब दिला त्या दिवसापासून,” मी म्हटलं.

डॉक्टरांना काही बोध झाला नाही. त्यांनी रंगनाथांकडं पाहिलं, रंगनाथांनी जमिनीकडं पाहिलं.

“म्हणजे साधारण किती दिवस?”

“साडेतीन वर्षं.”

त्यांनी तसं कागदावर लिहून घेतलं.